बोट उचलू नका

"काका, बोट उचलू नका," हर्षाली म्हणते.
"गंधारावर ठेवा. एवढंच काम."

करावे गाव, तिसरा मजला,
खाली मोटारसायकलचं गॅरेज,
तिचा हप्त्यावर घेतलेला पियानो,
आणि पेटीला सरावलेलं माझं बोट
एका पांढऱ्या पट्टीवर
अंगठे धरून उभं केल्यासारखं.

ती खाली रे-म-ध-सा दाबते.
माझा गंधार वर तरंगतो,
लग्नघरी चुकून शिरलेला,
जेवायचं का निघायचं कळत नाही.
मग प-नी-रे-म.
तोच गंधार तापतो,
कुणीतरी नाव घेणार आहे त्याचं, आत्ता, आत्ता.
मग ती सा-ग-प-नी उघडते
आणि बोट न हलवता
मी घरी पोचलेला असतो.

"तुम्ही काहीच केलं नाही."
"ते कळलं गं. पण खालून काहीतरी सरकलं."

चौतीस वर्षं भजनात पेटी धरली.
आमचा सा म्हणजे खुंटा.
बुवा बदलतील, मृदंगाची शाई उडेल,
टाळकऱ्यांची पोरं दुबईला जातील,
सा हलायचा नाही.
आणि ही पोरगी त्या सुरावळीतून सा उचलते,
झोपलेल्याच्या डोक्याखालची उशी काढावी तसा,
म्हणते, "हा आपण वाजवायचाच नाही. बासवाला वाजवेल."
"आणि तो आला नाही तर?"
"ऐकणारा मनात वाजवतो."

माझा बा मिठागरावर होता.
मोजणीवाले आले, साखळी टाकली, चहा पिऊन गेले.
बा त्याच बांधावर उभा,
फावडं तेच, डोक्याला फडकं तेच,
आणि पायाखाली सेक्टर अठ्ठेचाळीस.
मग साडेबारा टक्के, मग बिल्डर, मग ही इमारत.
शेवटी शेवटी म्हणायचा,
"मी कुठं गेलू? मी हितंच हाय."
आम्ही डॉक्टर बदलला.

"आता एक वाईट गोष्ट करू?" हर्षाली विचारते.
पंचमाच्या तळावर जायचं सोडून
कोमल ऋषभावर उतरते:
कोमल रे, म, कोमल ध, नी.
माझा ग करकरतो,
निवट्यांच्या कालवणात दाताखाली रेती यावी तसा.
"बघा, मध्यम आणि निषाद मघाचेच.
दोघांनी फक्त कामं बदलली."
"जावाजावांसारखं," मी म्हणतो,
"एक चुलीपाशी, एक बाजारात. कंटाळा आला की उलट."
"हो," ती म्हणते, "पण सासू नवीन."

पुन्हा सा-ग-प-नी.
हा नी मला सोसत नाही.
"सा एवढा जवळ, जात का नाही? दारात काय करतोय?"
"थांबू दे ना. ते गाणं तसंच संपतं."
शनिवारी बेलापूरच्या हॉटेलात ती हेच वाजवते,
ऐरोलीचा एक अँन्सेल्म बासवर.
लोक जेवत असतात.
कुणी मान वर करत नाही, म्हणते,
पण कोमल ऋषभाशी एखादा चमचा थांबतो.
ती चमचे मोजते.

मंगळवारी गावदेवीच्या देवळात
डोमाबुवांनी गंधार लांबवला, डोळे मिटून,
नेहमीचा, अर्धा श्वास उसना घेऊन.
माझा डावा हात भात्याला गुंतलेला.
उजव्याला चार बोटं मोकळी.
कुणाला घ्यायचं, कुणाला घरी ठेवायचं?
रे वगळला.
म, ध, सा आणि वर त्यांचा ग
एकदम दाबले.
टाळ दोन मात्रा विरळ झाले.
हसुराम मृदंगावरून माझ्याकडे बघत राहिला,
हात मात्र चालू.
बुवांनी एक डोळा उघडला. मिटला.
गंधार आणखी ताणला,
मला वाटतं, गरजेपेक्षा जास्त.

नंतर पायरीवर चहा.
"पेटीची पत्ती गेली का रं मघाशी?"
"गेली वाटतं. उद्या टाकतो दुरुस्तीला."
बुवांनी बशीत फुंकर घातली.
"नको," म्हणाले, "र्‍हाव दे.
दोन-चार रोज."