चिखलाची भूमिका

गॅदरिंगला काय करायचं, यावरून सातवी ब-मध्ये
दोन तास नुसता कालवा.
कोळीनृत्य? ते दरवर्षीच असतं,
टोपल्याही त्याच, पुठ्ठ्याच्या पापलेटांचे डोळे गळालेले.
श्रावस्ती म्हणाली, हेडसरांच्या चालण्यावर मूकनाट्य.
गावंडबाई हसल्या, मग दाराकडे बघून म्हणाल्या, नको.

शेवटी ठरलं, ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो.
वीस मुली, गुलाबी परकर, एका पायावर उभ्या.
तालमीत एकीला पेटका आला की अख्खी रांग आडवी.
मुलांत कुणी पूल, कुणी विजेचा मनोरा,
हर्षल मढवी दुर्बीणवाला पाहुणा.

मला चिखल.

"बाई, चिखल काय करतो?"
"पडून राहतो. बाकीच्यांना उभं राहू देतो."
आई म्हणाली, ह्यासाठी भरले चारशे रुपये?
दिव्याचा मामा मात्र खूश;
निवट्या धरण्यात त्याची निम्मी हयात गेलेली.
"चिखल गप्प नसतो रे. ओहोटीला कान दे."

त्या रात्री करड्या चादरीखालून मी सुरुवात केली :
पुच्. बुडुक्. पुच्.
पुढच्या सतरंजीवरचं एक पोर खिदळलं,
मग सगळं पटांगण.
फ्लेमिंगो हसू दाबत लटपटले,
मनोरा वाकला.

बक्षीस बालवाडीच्या भाजीवाल्यांना गेलं.

अजूनही ऐरोलीच्या पुलावर, ओहोटी असली,
की मी बसची काच सरकवतो.
मागून कुणीतरी ओरडतं, वास येतोय, बंद कर.
एक मिनिट, म्हणतो,
कुणीतरी बोलतंय.