काट्यावरचा पोर्ट

सारमानसच्या धक्क्यावर वजनकाट्याची खोली.
पत्र्यावर, फायलींवर, प्रतिमा गांवसच्या चहाच्या कपावर
खनिजाची तांबडी पूड.
ट्रक काट्यावर चढतो, आकडा पडद्यावर येतो,
पण पणजीला जात नाही.
म्हणजे जातो, पण चाचरत,
घशात हाड अडकल्यासारखा.
बाहेर अकरा ट्रक. एका ड्रायव्हरने गाणे लावले आहे,
दुसरा माझ्या आईचा उद्धार करतो आहे.

मी केबल बदलली.
मग दुसरीही बदलली, उगाच, हातांना काम म्हणून.
दिवा हिरवाच.
दिवा हिरवा असला की लोक मला खोटारडा समजतात.

शेवटी दोन्ही टोकांना विचारले.
कार्ड म्हणाले: शंभर, पूर्ण दुतर्फा, ठोकून बसवलेले.
स्विच म्हणाला: शंभर, अर्धा.
मी खुर्चीत बसलो.

स्विच विचारत होता.
दर सोळा मिलिसेकंदांनी ठोके पाठवून विचारत होता:
मला दहा येते, शंभर येते, हजारही येते,
बोलता बोलता ऐकताही येते. तुला?
कार्ड गप्प.
माज नव्हे तो. त्याच्या ड्रायव्हरला,
ट्रकच्या नव्हे, कार्डाच्या,
कोणीतरी एक ओळ दिली होती
आणि त्या ओळीत बोलणीच नव्हती.

मग स्विचने तारेला कान लावला.
वेग ओळखला,
पायरीवरच्या पावलांवरून माणूस ओळखावा तसा.
पण हा माणूस दुसऱ्याचे ऐकून घेतो का,
ते पावलांवरून कळत नाही.
उत्तर न देणाऱ्याशी जपून वागावे
असा नियम आहे, कागदावर आहे, मी वाचला आहे.
म्हणून त्याने अर्धा धरला:
तू बोल, मी थांबतो.

खाली सारमानसची फेरी तशीच चालते.
ती इकडे असेतो टोंकच्या बाजूला
स्कूटर, कॉलेजची पोरे, मासळीची टोपली,
सगळे उभे. कोणी चुकत नाही.
पण समजा, तिकडच्या एकाला ठाम वाटले
की इथे पूल आहे,
आणि तो गाडी काढून निघाला.

तशी टक्कर दर क्षणाला.
स्विच अर्ध्या वाक्यात थांबे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.
कार्डाला मिळे तुटका तुकडा, बेरीज न जुळणारा,
ते तो टाकून देई.
दोघेही आपापल्या जागी बरोबर. ट्रक आता चौदा.

रॅकच्या दाराला आतून चिकटपट्टी, निळी शाई:
ऑटो करू नका, लटकते. कायतान, २००९.

‘कायतान स्विंडनला असतो,’ प्रतिमा म्हणाली,
‘नंबर आहे माझ्याकडे.’

‘तो पांढरा स्विच? विचारता विचारता अडकायचा रे.
वीज जाऊन आली की रात्रभर तेच.
बार्ज भरायची थांबायची, शिव्या मला.
एक दिवस म्हटलं, पुरे चर्चा. शंभर म्हणजे शंभर.
अजून तोच आहे?’

खाणी बंद होत्या त्या वर्षांत भंगारात गेला, मी म्हणालो.
पलीकडे जरा वेळ काही नाही.
‘आणि कार्डाला कोणी सांगितलंच नाही?’
‘नाही.’
‘मग काढ ती ओळ.’
आणि लगेच, ‘शिणाणे आले का बाजारात?’

ओळ काढली. दिवा विझला.
तीन सेकंद. चौदा ट्रक बाहेर असताना
तीन सेकंद बरेच असतात.
तारेवर दोघे काय काय बोलले ते मला दिसले नाही,
निकाल तेवढा उमटला: हजार, दुतर्फा.
प्रतिमाने पावती फाडली आणि खिडकीतून हात बाहेर काढला,
वर न बघता.

चिकटपट्टी मी काढली नाही.
तिच्याखाली पेन्सिलीने तारीख घातली
आणि लिहिले: आता विचारू द्यावे.
पुडीमुळे अक्षर उठत नव्हते.
दोनदा गिरवले.