आसनं : तीन

व्हॅन नदीने दोन शेतं खाली नेऊन ठेवली होती.
नाक कुंपणात, मागची दारं सताड,
आणि आतल्या गाळासोबत बाहेर आले होते केस.
हो, केसच. पांढरे, आखूड, कुणाकुणाचे,
गवताला चिकटून वाळलेले.

मी विमा कंपनीचा माणूस.
गमबूट, टॉर्च, न भिजणारी वही.
बाला गाव सोडून डी नदीच्या काठाने पाच मैल,
सगळीकडे मेंढ्या, त्यांना पुराचं काहीच नाही.

तेगवेन प्रिचर्ड, वय अडुसष्ट.
धंदा : फिरतं केशकर्तन.
"घराबाहेर न पडणारी डोकी
या दरीत ऐंशीच्या वर आहेत," ती म्हणाली,
"आणि केस काही घरी बसत नाहीत, वाढतातच."

नियम असा :
स्क्रूने बसवलेलं ते वाहन,
उचलून नेता येईल ते सामान.
दोन्हींचे कागद वेगळे,
मधल्या फटीत माझी नोकरी.

खुर्ची, लाल रेक्झिन, पायाने वरखाली होणारी,
चार बोल्टांनी तळाला. वाहन.
बेसिन, नळासकट. वाहन.
कात्र्या सात. सामान.
केस वाळवायची यंत्रं दोन, पैकी एक आधीच बंद होतं.
हे तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
आरसा डिंकाने चिकटवलेला.
डिंकाबद्दल कागद गप्प आहे.

मग बिस्किटांचा डबा. आत कार्डं,
माणशी एक. शाई पसरलेली, तरी काही लागत होती :
"एलुनेड. डाव्या कानामागे हात नको."
"मि. पेन्री. बायकोचा विषय काढू नये. उन्हाळ्यात चालेल."
"ग्वाइर. आरशात टक लावली तर खुर्ची फिरवणे."
किंमत? मी विचारलं.
"कशाची, डब्याची? दोन पौंड."

कार्डिफहून फोन आला तेव्हा मी गाळात घोट्यापर्यंत.
कारखान्यातून निघाली तेव्हा मालाची व्हॅन, आसनं दोन.
बदल कळवला नसेल तर दावा नाही.
जेवायच्या आत मिटव.

सहा वर्षांपूर्वीचा तिचा अर्ज उघडला.
"वाहनात केलेले बदल" यापुढे तिने लिहिलं होतं : किरकोळ.
माझ्या पोटात खड्डा पडला.
या एका शब्दावर कंपनीने इमारती बांधल्यात.

पण खाली, "आसनं किती?"
तीन. खाली रेघ मारून.

"होतीच ना तीन," ती म्हणाली.
"एक माझं, एक बहिणीचं, ती आता येत नाही,
आणि एक ज्याचे केस कापायचे त्याचं."

सहा वर्षं कंपनीने तीन मोजली,
तिन्हींचे पैसे घेतले,
तिसऱ्यावर कोण बसतं, तोंड कुठे करून बसतं,
एकदाही विचारलं नाही.

अहवालात एकच वाक्य लिहिलं :
तिसऱ्या आसनाची कंपनीला माहिती होती.
आरसा : वाहन.
(डिंक हाही एक स्क्रूच, असं लिहिलं आणि खोडलं.)
कार्डांपुढे काही सुचेना.
रकाना कोरा ठेवला की संगणक पुढे जाऊ देत नाही.
एक टिंब दिलं. टिंब चाललं.

निघताना तिने माझ्या मानेकडे पाहिलं,
सात कात्र्यांतली एक डबक्यात विसळली
आणि म्हणाली, बस.
तिरप्या व्हॅनमधली खुर्ची, चारही बोल्ट शाबूत.
"मान सरळ."
कशाशी सरळ? व्हॅनशी की जमिनीशी?
तिला हसू आलं, पण हात हलला नाही.
नऊ पौंड दिले, पावती घेतली,
उद्या कुणी विचारायला नको.

मग तिने खिशातून एक कार्ड काढलं,
नाव विचारलं, इएस्तिन, ते लिहिलं,
त्याखाली आणखी एक ओळ, मला न दाखवता.

गाडीत बसून यादीत भर घातली :
कार्ड, एक. कोरडं. सुटं.