बावटा एक, मजुरी येणे

म्हापशाच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या ओळीमागे
माझं दुकान. शुक्रवारी ऐन गर्दीत
कितेरिया बाय आली, पिठाच्या पिशवीत
काहीतरी घडी करून घेऊन.
काउंटरवर उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास,
आणि हिरवा, आणि लाल.
"फाटलां तितलेंच शीव," म्हणाली,
"नवें करचें न्हय."

मी तो उजेडाकडे धरला नाही.
शुक्रवार, रस्ता भरलेला.
काठीच्या बाजूला हिरवे दोन हिस्से, पुढे लाल तीन,
जोडावर पिवळ्या कड्यांचा गोल,
त्याच्या पोटात ढाल, ढालीत पाच निळ्या ढाली,
प्रत्येकीत पाच पांढरे ठिपके.
कसरीनं नेमके ठिपकेच खाल्लेले.

"ख्रिस्ताच्या जखमा त्या," ती म्हणाली.
शाळेत उभं करून पाठ करून घेतलेलं,
ते एका दमात म्हणून दाखवलं,
मग आवाज खाली आणून:
"माझ्या पायच्या पेटीवर होता हा.
पोलिसांच्या बँडात कॉर्नेट वाजवायचा पाय.
कुणावर हात नाही उगारला त्यानं.
फुंकायचा फक्त."

तिचा नातू दाराशी, स्कूटर बंद न करता.
आजीचा जन्म एकदा लिस्बनच्या वहीत चढला
की त्याला स्विंडनच्या गोदामात खोकी भरायची आहेत.
कापडाशी त्याला देणंघेणं नाही. तो म्हणाला,
"मला तेवढा हा गोल हवाय, आंटी,
पासपोर्टच्या पुठ्ठ्यावर. तळहाताएवढा पुरे."

ती गेली आणि मी तो तसाच पसरून ठेवला.
माझी चूक.
भिकू पैंगीणकर शर्ट न्यायला आले.
त्यांच्या बोटांना बटणं लागत नाहीत, म्हणून
मी त्यांना दाबायची बटणं लावून देते,
बाहेरून दिसायला साधी.
ते बघत राहिले. मग उजवा हात
ढालीशेजारी उलटा ठेवला, जसा आपण
माप द्यायला ठेवतो.

"पालमातोरी म्हणायचे. लाकडी पळी, तिला पाच भोकं.
मारली की मांस भोकांत चढायचं."
मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले:
ख्रिस्ताच्या जखमा म्हणतात याला.
"असतील," ते म्हणाले. "मला मिळाल्या होत्या."
मिरच्यांमुळे कुणीतरी बाहेर शिंकत होतं.
"चौकीच्या अंगणात त्या वेळी बँड वाजायचा.
आमचं ओरडणं रस्त्यावर जाऊ नये म्हणून.
चांगला वाजवायचे.
एक कॉर्नेटवाला तर फार चांगला."

कुणाचा हा, त्यांनी विचारलं.
गिऱ्हाइकाचा, मी म्हटलं.
"जाळ."
मग शर्टाची पिशवी काखेत मारली,
पायरी उतरले, परत चढून आले.
"जाळायचा तर ज्याचा त्यानं.
तू शीव. पण माझ्या शर्टाच्या सुईनं नको."

रात्री शटर अर्धं ओढून
मी काठीकडची शिवण उसवली,
आणि शेवटच्या टाक्याला दुहेरी गाठ,
वर उलटा फास. ती गाठ
या बाजारात एकच माणूस मारायचा.
त्यानंच मला शिकवली, सात वर्षांची असताना,
बोट टोचलं तर चोखायचं आणि पुढे जायचं, हेही.

आज्याच्या वह्या माळ्यावर. मोडी मला
अडखळत येते, पण आकडे येतात.
बावटा एक. पेटीसाठी, निकडीचा.
हिरवें, तांबडें, पिवळी दोऱ्याची लडी.
तीन रुपये चार तांगा.
समोर, बारीक अक्षरात: येणे.

कशाचा हिरवा, कशाचा लाल,
त्याला कुणी विचारलं नसावं. वहीत तरी नाही.
पुढच्या वहीत, डिसेंबरच्या पानावर:
बावटे चाळीस, तिरंगी, रातोरात.
समोर तेच अक्षर, जरा मोठं:
येणे.

मी दुसरी सुई काढली.
ठिपके रफू करते आहे, पंचवीसपैकी अकरा झाले.
कितेरिया बायकडून मात्र
पैसे मी आगाऊ घेतलेत.