खड्ड्यातून दिसणारे पाय

आमच्या दुकानात मधोमध एक खड्डा होता,
आजोबांच्या मागाचा.
माग भंगारात गेला, सदतीस रुपयांत.
खड्डा कोण विकत घेणार?
बाबांनी वर फळ्या टाकल्या,
खाली कांद्याची पोती, चण्याचा डबा,
आणि सकाळी सहापासून शाळेच्या वेळेपर्यंत मी.

मांडीवर भूगोल, आणि नाकासमोर, फळ्यांच्या फटीत,
पाय.
झाडूवाल्या बायांचे, घोट्यापर्यंत ओले.
रिक्षावाल्यांचे, टाचेच्या भेगांत डांबर.
कॉलेजच्या पोट्ट्यांचे, एका जागी कधी न ठरणारे.
मेयोत रात्र काढून आलेल्यांचे मला लगेच कळायचे.
ते हलायचेच नाहीत.

वरून आवाज यायचे:
भाऊ, तर्री मारा ना अजून.
कांदा मोकळ्या हातानं टाका.
लिंबू काऊन इतकं सुकं?
बाबा म्हणायचे, मे महिना आहे, लिंबाले विचार.
एवढंच. पराते पोहा सेंटरचे गुणवंत पराते
दिवसाला वीस-बावीस वाक्यं बोलायचे,
त्यातली निम्मी लिंबावर.

आई साडेतीनला उठायची.
भिवापुरी मिरची पाट्यावर, जाळलेलं खोबरं,
आणि तेल वर येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही.
तेल वर आलं की भांड्यात लाल आभाळ दिसायचं,
तेव्हा ती पहिल्यांदा चहा मागायची.
मारबत निघाली की सगळी गल्ली ओरडायची,
रोगराई घेऊन जाय गे मारबत,
आई दारातून हळूच:
आणि ही उधारीची वही पण.

टेंभेकर सरांनी भर वर्गात माझी वही नाकाशी नेली.
पराते, हिला फोडणी दिली का?
पोरी हसल्या. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं.
दुसऱ्या दिवशी फटीत तपकिरी सँडल,
डाव्या पायाचं बक्कल तारेनं बांधलेलं.
मी श्वास धरला. मिरचीनं धरू दिला नाही.

शिंक.

मांजर आहे, बाबा म्हणाले.
सरांनी सावकाश खाल्लं, दोनदा तर्री घेतली,
पैसे दिले, बाबांनी मोजून घेतले.
जाता जाता सर म्हणाले,
मांजरीले सांगा, उद्या नद्यांवर चाचणी आहे.

बाबांनी रात्री मला काहीच विचारलं नाही.
दप्तर खड्ड्यातून काढलं,
आईच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवलं.
पुढचं वर्षभर माझ्या वह्यांना
डांबरगोळ्यांचा वास यायचा.
पोरी तरी हसल्याच.

आता लोकेशनं टाइल्स लावल्या आहेत.
हेल्मेट न काढता उभी असतात पोरं, मोबाइलवर नंबर दाखवत.
खड्ड्यात काय टाकलं रे, मी विचारलं होतं.
मुरूम. फळ्याच्या फळ्या.
एक पुस्तक होतं वाटते तुझं, फुगलेलं.

या वेळी आले ती रात्रीच्या गाडीनं, थेट मेयोत.
चार वाजता नर्सनं मशीन बंद केलं.
सह्या झाल्या, नातेवाइकांना फोन झाले,
मग लोकेश म्हणाला,
ताई, चणे भिजलेले आहेत.
दोघंही काही बोललो नाही.
शटर त्यानं उचललं.
आई पाट्याशी आधीच बसलेली,
तेल वर यायची वाट पाहत.

त्यानं माझ्या हातात प्लेट दिली.
कांदा नको म्हटलं की हो म्हटलं, आठवत नाही.
उभी होते बरोबर मधोमध,
पांढऱ्या टाइल्सवर,
खाली कोणी असतं
तर त्याला कळलं असतं.