चार बोटं खाली

बाचानानं कार्ड आणलं तेव्हा कुताइसीत वीज नुकती परतली होती.
कोटाच्या आत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं,
मांजराचं पिल्लू आणावं तसं.
"मामाच्या गॅरेजात दोन वर्षं क्रिप्टोची नाणी खणत होतं," तो म्हणाला,
"रात्रंदिवस. पण खचलेलं नाही."
मी वास घेतला. धूळ, आणि थोडं करपलेलं काहीतरी.
साडेचारशे लारी. मी दोनदा मोजले,
त्यानं एकदाही नाही.

मी घरांची चित्रं काढते. न बांधलेल्या घरांची.
गिऱ्हाइकाला बघायचं असतं
सकाळी नऊचं ऊन ओट्यावर कुठवर येईल.
माझ्या कॉम्प्युटरवर ते ऊन यायला चाळीस मिनिटं लागायची,
आणि यायचं ते गुठळ्या झालेल्या पिठासारखं.

"दोष त्याचा नाही," स्क्रू दातांत धरून बाचाना सांगत होता,
"प्रोसेसरच्याच पोटात बसून बिचारा चित्रं काढतो.
मेमरीसुद्धा स्वतःची नाही,
दुसऱ्याच्या ताटातली."
हे मला कुणी समजावायला नको.
सोळा वर्षं मी दिराच्या घरात राहते.
फ्रीजमधला एक कप्पा माझा,
त्यातही जावेच्या लोणच्याची बरणी.

खातुना दारातून डोकावली. "एवढ्या पैशांत काय आणलंस?"
"पंखे," मी म्हणाले.
खोटं नव्हतं. तीन पंखे,
आठ जीबी मेमरी स्वतःच्या मालकीची,
विजेची तारही निराळी.
वेगळी चूल मांडायला आणखी काय लागतं?

नऊ दिवस पंखे फिरले
आणि ऊन तसंच, गुठळ्यांचं.
खातुनानं काही विचारलं नाही.
न विचारण्याची तिची एक पद्धत आहे.

दहाव्या रात्री बाचानाला फोन केला. तो कुठल्याशा लग्नात,
मागून ढोल, कुणीतरी त्याला ओढत होतं.
"पडद्याची तार कुठे खोचलीय?"
"होती तिथेच."
तो हसला नाही, हे त्याचे उपकार.
"एतेरी मावशी, कार्ड नव्या घरात बसलंय,
तार अजून जुन्याच दाराला."

सुरू होताना डिलीटची कळ दाबत राहायची, त्यानं सांगितलं.
निळं पान उघडलं.
पहिला मान कुणाचा, आतल्याचा की बाहेरच्याचा?
मी बाण खाली नेला, आणि मग लक्षात आलं:
हे पान मला तोच दाखवतोय.
ज्याला दूर सारायचं
त्याच्याच उजेडात मी ती ओळ वाचत होते.
त्यानं एक अक्षर हलू दिलं नाही.

मी एंटर दाबलं.

काळोख.
टेबलाखाली वाकून, चाचपडत, तार उपटली,
चार बोटं खाली दुसरी फट होती,
ती आधी उलटी घातली, मग सुलटी.
पंखे एकदम गरजले आणि गप्प झाले.
भिंतीपलीकडे खातुना खोकली.
मला वाटलं, गेली,
दोन्ही घरं गेली.

मग खिडकी आली.
खिडकीतून ऊन, ओट्यावर, फरशीच्या सांध्यांपर्यंत,
आणि सिंकच्या कडेला एका कपाची सावली.
तो कप मागच्या वर्षी मीच ठेवला होता.
पार विसरून गेले होते.

जुना आहे अजून, त्याच्या जागी, आत.
त्याला बाहेर काढता येत नाही, बाचाना म्हणतो,
आणि काढूही नये. दिवस सांगून येत नाहीत.

खातुना शाल ओढून आली. बराच वेळ बघत राहिली.
"कुणाचं स्वयंपाकघर?"
"एका बाईचं."
"एकटीच राहते?"
"अजून बांधलेलं नाही."
तिनं कॉम्प्युटरच्या डब्यामागे हात नेला,
तिथेच ठेवला.
"इथून गरम वारा येतोय," म्हणाली,
आणि खुर्ची ओढून बसली.