दीड इंच

मढवीबाईंनी गुंडाळी उलगडली तशी ती पुन्हा मिटली,
मग मी एका कोपऱ्यावर पक्कड, दुसऱ्यावर चष्मा ठेवला.
फ्रान्समधलं कुठलंतरी शेत. एक झाड.
छापील, पण छपाई बरी.
फ्रेम त्यांनी घरूनच आणलेली, सागाची,
आतला लग्नाचा ग्रुप फोटो वाळवीने संपवलेला.
चित्र दीड इंच जास्त भरलं.

"काप ना उजवीकरना. तय नुसती सावलीच हाय."

संध्याकाळी या, म्हटलं.

चरईतल्या या दुकानात तीस वर्षं
गणपती, पदव्या, गेलेली माणसं
काचेखाली दाबत आलो.
झाड पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो
आणि जवळून ते झाडच नव्हतं:
पिवळ्याचे फटकारे, हिरव्याचे गोळे,
गवंड्याने थापी झटकावी तसे.
सावलीत काळा औषधालाही नाही.
जांभळा, निळा, मध्येच उघडा गुलाबी.

मागे सरकलो. पायरी उतरलो.
रसवंतीच्या चरकापाशी पोचलो तेव्हा
पानं हलली.
रिक्षावाल्याने शिवी घातली, ती बरोबरच होती.
त्या चित्रकारालाही असंच मागे मागे जावं लागलं असेल,
त्याच्या पाठीशी फार तर गाय असेल.

समोरच्या बदामाची सावली डांबरावर पडली होती.
जांभळी.
मी तिला आजवर काळी समजत आलो.

बाई आल्या, स्टुलावर बसल्या.
"आमचे शेतान, कासारवडवलीला, आसाच झार होता. उंबराचा.
सावली दिराचे भातावर परायची, तय दाना भरं नय.
त्यावरना दोगं भाव सोला वर्सं बोलले नय.
मंग टॉवर आला. झार गेला."
आणि आता?
"आता एकाच मजल्यावर हाव. तरी नय बोलत.
सावली नकोच."

पट्टी लावली. सुरी उचलली.
त्या समोर रस प्यायला गेल्या तेवढ्यात
सावली मागे दुमडली,
वर पुठ्ठा, बारा चुका,
कडेने खाकी टेप.

पावतीवर लिहिलं: झाड, एक नग. मजुरी दोनशे चाळीस.

"भितीवर सरल लागंल ना?"

लागेल, म्हटलं.
उजवीकडे जरा जड वाटेल.